अपडेटनंतर स्क्रीन बिघडली: ड्रायव्हर मागे न्यावा, अपडेट काढावे, की फॉरमॅट करावे?

गेल्या उन्हाळ्यात माझी भाची पारोळ्याहून अमळनेरला आमच्याकडे आली, ती लॅपटॉप छातीशी धरूनच. दारातूनच म्हणाली, "मामा, स्क्रीन नाची ऱ्हायनी." आदल्या रात्री विंडोजचे अपडेट बसले होते. सकाळपासून स्क्रीनच्या खालच्या पट्टीत आडव्या रेषा थरथरत होत्या आणि एखादी विंडो सरकवली की तिच्या मागे काळे चौकोन उरत होते. अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाचा तिचा सगळा प्रकल्प त्यातच होता. वाटेत एका दुकानात तिने लॅपटॉप दाखवला, तेव्हा दोन मिनिटांत निकाल मिळाला होता: फॉरमॅट मारावे लागेल, म्हणजे डिस्क पुसून विंडोज नव्याने बसवावे लागेल.

हा निकाल आपल्याकडे फार सहज दिला जातो. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नियमित आधार संपला आणि त्याच्या आगेमागे अनेकांनी आपले जुने लॅपटॉप विंडोज ११ वर नेले, त्यामुळे घरी, दुकानात आणि सेवा केंद्रात हा प्रश्न पुन्हा पुन्हा समोर येतो. ज्याच्यासमोर असा लॅपटॉप आहे आणि नेमके काय करावे हे ठरत नाही, त्याच्यासाठी मी येथे उपलब्ध मार्गांची तुलना करीत आहे. माझे मत आधीच सांगतो: बहुतेक वेळा दोष ग्राफिक्स ड्रायव्हरमध्ये (विंडोज आणि चित्र तयार करणारी ग्राफिक्स चिप यांना जोडणाऱ्या प्रोग्राममध्ये) असतो, म्हणून तेथून सुरुवात करावी आणि संपूर्ण विंडोजला हात सर्वांत शेवटी लावावा. मात्र त्याआधी दहा मिनिटे खर्चून दोष खरोखर अपडेटचाच आहे का, हे तपासले पाहिजे.

आधी दोष कुठला ते ओळखणे

सर्वांत सोपी चाचणी स्क्रीनशॉटची आहे. स्क्रीन बिघडलेली दिसत असतानाच स्क्रीनशॉट घ्यावा, तो व्हॉट्सअ‍ॅपने मोबाइलवर पाठवावा आणि मोबाइलवर उघडून पाहावा. त्या चित्रातही रेषा किंवा चौकोन दिसत असतील, तर चित्र तयार होतानाच बिघडते आहे, म्हणजे संशय ड्रायव्हरवर किंवा ग्राफिक्स चिपवर जातो. मोबाइलवर चित्र स्वच्छ दिसत असेल, तर बिघाड पुढच्या टप्प्यात आहे: पॅनेल, बिजागरीतून जाणारी केबल, किंवा पॅनेलला चित्र पाठवण्याची एखादी सेटिंग. भाचीच्या लॅपटॉपवर आम्ही हे केले, तेव्हा काळे चौकोन मोबाइलवर तसेच्या तसे दिसले, पण थरथरणाऱ्या रेषा दिसल्या नाहीत. एकाच स्क्रीनवर दोन वेगवेगळे दोष होते आणि दोन्हींचे खापर अपडेटवर फोडले गेले होते.

दुसरी चाचणी लॅपटॉप चालू होण्याच्या वेळची. विंडोज सुरू होण्यापूर्वी एफ २, एफ १० किंवा एस्केप दाबून बायोस, म्हणजे विंडोजच्या आधी चालणारा लॅपटॉपचा मूळ प्रोग्राम, उघडावे (कोणती की लागते ते कंपनीनुसार बदलते). तेथे विंडोजही नसते आणि विंडोजचा ड्रायव्हरही नसतो, त्यामुळे बायोसमध्येही रेषा दिसत असतील तर कोणतेही अपडेट काढून उपयोग होणार नाही. त्याच वेळी स्क्रीन हळूहळू पुढे-मागे झुकवून पाहावी. आम्ही तसे केले आणि एका विशिष्ट कोनात रेषा नाहीशा झाल्या. मग भाचीला आठवले, की पूर्वी धुळ्याहून येताना बसमध्येही एकदोनदा त्या दिसल्या होत्या, अपडेटच्या कितीतरी आधी. एचडीएमआय केबलने लॅपटॉप घरच्या टीव्हीला जोडला, तेव्हा टीव्हीवर रेषा नव्हत्या, चौकोन मात्र होते. यानंतर शंकेला जागा उरली नाही.

तिसरी चाचणी टास्क मॅनेजरची आहे आणि ती स्क्रीन लुकलुकत असेल तेव्हाच उपयोगी पडते. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडावा. त्याच्यासह सगळेच लुकलुकत असेल तर ड्रायव्हरवर संशय घ्यावा. तो स्थिर राहून बाकीचे लुकलुकत असेल, तर एखादा प्रोग्राम विंडोजच्या नव्या आवृत्तीशी जुळत नाही असे समजावे आणि तो प्रोग्राम अद्ययावत करावा किंवा काढून टाकावा.

खानदेशात आणखी एक गोष्ट पाहावी लागते. मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४४-४५ अंशांवर जातो. मोठ्या अपडेटनंतर विंडोज काही काळ पार्श्वभूमीवर बरेच काम करीत राहते, त्यामुळे लॅपटॉप आधीच तापलेला असतो. धरणगाव-चोपडा पट्ट्यात, जिनिंगच्या आसपास वापरल्या जाणाऱ्या लॅपटॉपच्या पंख्यात रुईचे तंतू इतके घट्ट बसतात, की हवा बाहेर पडायला वाट उरत नाही. सकाळी थंड लॅपटॉप व्यवस्थित चालत असेल आणि वीस-पंचवीस मिनिटांनी स्क्रीनवर ठिपके किंवा तुकडे उमटत असतील, तर ड्रायव्हर बदलण्यापूर्वी पंखा साफ करून घ्यावा.

ड्रायव्हर: मागचा की नवा?

दोष चित्र तयार करण्यातच आहे असे ठरले, तर आधी विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी या चार कीज एकत्र दाबून पाहाव्यात. स्क्रीन क्षणभर काळी होते आणि ग्राफिक्स ड्रायव्हर नव्याने सुरू होतो. याने बिघाड तात्पुरता जरी थांबला, तरी ड्रायव्हरवरचा संशय बळावतो.

त्यानंतर दोन रस्ते आहेत. पहिला म्हणजे डिव्हाइस मॅनेजरमध्ये डिस्प्ले अ‍ॅडॅप्टर्सखालील ग्राफिक्सचे नाव उघडून ड्रायव्हर या टॅबमधून रोल बॅक करणे, म्हणजे आधीचा ड्रायव्हर परत आणणे. याला इंटरनेट लागत नाही, पाच मिनिटे पुरतात आणि एकही फाइल हलत नाही. अपडेटच्या दिवसापर्यंत सगळे नीट होते आणि त्या टॅबवर ड्रायव्हरची तारीख नवी दिसते आहे, अशा वेळी मी हाच रस्ता निवडतो. त्याची मर्यादा अशी, की विंडोजने जुना ड्रायव्हर राखून ठेवला नसेल तर ते बटण फिकट दिसते आणि दाबता येत नाही. शिवाय विंडोज अपडेट काही दिवसांनी तोच नवा ड्रायव्हर पुन्हा बसवू शकते.

दुसरा रस्ता म्हणजे लॅपटॉपच्या कंपनीच्या संकेतस्थळावरून, तळाच्या लेबलवरील मॉडेल क्रमांक घालून, नेमका ड्रायव्हर उतरवून बसवणे. ही फाइल शेकडो एमबींची असते, त्यामुळे मोबाइलच्या हॉटस्पॉटवर काम करणाऱ्याने रोजच्या डेटाचा हिशेब आधी पाहावा. अक्षरे मोठी आणि धूसर झाली असतील, ब्राइटनेस कमी-जास्त होत नसेल आणि डिव्हाइस मॅनेजरमध्ये मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले अ‍ॅडॅप्टर हे नाव दिसत असेल, तर मूळ ड्रायव्हर कामातच नाही. अशा वेळी मागे नेण्यासारखे फारसे काही उरलेले नसते आणि हा दुसरा रस्ताच योग्य ठरतो. इंटेल, एएमडी किंवा एनव्हिडिया यांच्याकडचा ड्रायव्हर अधिक नवा असतो, तर लॅपटॉपच्या कंपनीकडचा त्या मॉडेलसाठी जुळवलेला असतो, म्हणून मी आधी कंपनीचा बसवतो आणि त्याने भागले नाही तरच चिप बनवणाऱ्याकडे वळतो. लॅपटॉपमध्ये दोन ग्राफिक्स असतील, तर प्रोसेसरमधील ग्राफिक्सचा ड्रायव्हर आधी बसवावा, कारण बहुतेक लॅपटॉपांत स्क्रीन त्यालाच जोडलेली असते.

जुन्या ड्रायव्हरचे अवशेष अडथळा करीत असतील, तर डीडीयू (डिस्प्ले ड्रायव्हर अनइन्स्टॉलर) नावाचे साधन सेफ मोडमध्ये, म्हणजे विंडोज अगदी मोजक्या ड्रायव्हरांवर सुरू करून, चालवून ते समूळ काढता येतात. त्या वेळी इंटरनेट बंद ठेवावे, नाही तर आपण नवा ड्रायव्हर बसवण्याआधीच विंडोज स्वतःचा बसवून मोकळे होते. मात्र सेफ मोडमध्ये जाण्यापूर्वी किंवा बायोसमधले काही बदलण्यापूर्वी एक गोष्ट अवश्य पाहावी. अलीकडच्या अनेक लॅपटॉपांत डिस्क कूटबद्ध असते आणि अशा वेळी बिटलॉकरची, म्हणजे विंडोजच्या या डिस्क-कुलपाची, ४८ अंकी रिकव्हरी की मागितली जाते. ती सहसा मायक्रोसॉफ्ट खात्यात साठवलेली असते. आपल्याकडे लॅपटॉप घेताना हे खाते दुकानातच, कधी दुकानदाराच्याच ईमेलवर उघडून दिलेले असते, आणि मग ऐन वेळी ती की मालकाच्या हाती नसते. खाते कोणाचे आहे ते आजच तपासावे आणि ती की वहीत उतरवून ठेवावी, इतके मी कळकळीने सांगेन.

चित्र स्वच्छ आहे पण स्क्रीन लुकलुकते, केबलही ठीक आहे आणि लॅपटॉपमध्ये इंटेलचे ग्राफिक्स आहे, अशा वेळी इंटेलच्या ग्राफिक्स कमांड सेंटरमधील पॅनेल सेल्फ रिफ्रेश ही वीज वाचवणारी सेटिंग बंद करून पाहावी. या एका बदलाने थांबलेली लुकलुक मी पाहिली आहे.

अपडेट काढणे आणि जुन्या आवृत्तीवर परतणे

ड्रायव्हर बदलूनही दोष तसाच राहिला, तरच अपडेट काढण्याचा विचार करावा, आणि ते कोणत्या प्रकारचे आहे हे आधी समजून घ्यावे. मायक्रोसॉफ्टचे मासिक अपडेट महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी येते. ते सेटिंग्जमध्ये विंडोज अपडेटच्या इतिहासातून केबी क्रमांक (प्रत्येक अपडेटला दिलेला ओळख-क्रमांक) पाहून काढता येते आणि फाइल्स जागच्या जागी राहतात. पण त्याबरोबर त्या महिन्याच्या सुरक्षा-दुरुस्त्याही जातात. जो माणूस त्याच लॅपटॉपवर बँकेचे व्यवहार करतो किंवा सेवा केंद्रात लोकांचे आधार क्रमांक हाताळतो, त्याच्यासाठी ही किंमत लहान नाही. अपडेट काढल्यावर विंडोज ११ मध्ये पुढची अपडेट्स पाच आठवड्यांपर्यंत थांबवता येतात. तसे केले नाही तर काढलेले अपडेट पुन्हा येऊन बसते.

संपूर्ण आवृत्तीच बदलली असेल, उदाहरणार्थ विंडोज १० वरून ११ झाले असेल, तर सेटिंग्जमधील रिकव्हरीतून पहिल्या दहा दिवसांतच मागे परतता येते. त्या काळात जुनी प्रणाली विंडोज.ओल्ड या फोल्डरमध्ये जपून ठेवलेली असते, त्यामुळे डिस्कवर जागा कमी पडते म्हणून कोणी ते फोल्डर साफ केले, तर परतीची वाट तेथेच बंद होते. फाइल्स राहतात, पण नव्या आवृत्तीवर बसवलेले प्रोग्राम जातात. विंडोज १० वर परतणाऱ्याने हेही ध्यानात घ्यावे, की घरगुती वापरासाठीची वाढीव सुरक्षा-सुविधा स्वतंत्र नोंदणी करून घ्यावी लागते आणि तिची मुदत १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतच आहे. नवे लॅपटॉप तर विंडोज ११ घेऊनच येतात. म्हणून लॅपटॉप फारच जुना असेल आणि त्याच्या कंपनीने नव्या आवृत्तीसाठी ड्रायव्हर दिलाच नसेल, तरच मी परतण्याचा सल्ला देतो.

दोष किरकोळ असेल आणि परीक्षा किंवा कर-विवरणाची मुदत तोंडावर असेल, तर काहीच न करता पुढच्या मासिक अपडेटची वाट पाहणे हाही विचारपूर्वक घेतलेला निर्णय असू शकतो.

फॉरमॅट

फॉरमॅटविरुद्धचा माझा सर्वांत मोठा आक्षेप माहिती जाण्याचा नाही, कारण तिची प्रत काढता येते. नव्याने बसवलेले विंडोज इंटरनेटला जोडले गेले, की बहुधा तोच ड्रायव्हर आणि तेच अपडेट पुन्हा उतरवून घेते. दोष त्यांच्यातच असेल, तर दिवसभराची मेहनत करून माणूस पुन्हा पहिल्या ठिकाणी येतो. मधल्या काळात आडतीच्या दुकानातली टॅलीची माहिती, अर्ज लिहिणाऱ्याचे श्रीलिपीसारखे मराठी टंक, डिजिटल सहीच्या टोकनचे सॉफ्टवेअर आणि प्रिंटरच्या जुळण्या हे सगळे नव्याने उभे करावे लागते. लॅपटॉपमध्ये व्हायरस शिरला असेल, विंडोजच्या फाइल्सच खराब झाल्या असतील किंवा डिस्क बदलायची असेल, तर फॉरमॅट योग्यच आहे. केवळ स्क्रीन बिघडली म्हणून नव्हे.

तरीही मन मानत नसेल, तर फॉरमॅटच्या आधी ८ जीबीच्या पेनड्राइव्हवर उबंटू घेऊन, ते लॅपटॉपवर न बसवता तसेच चालवून पाहावे. तेथेही तेच ठिपके, त्याच रेषा दिसल्या, तर विंडोज निर्दोष आहे. स्क्रीन स्वच्छ दिसली, तर लॅपटॉपचे पॅनेल आणि चिप शाबूत असण्याची शक्यता मोठी आहे आणि ड्रायव्हरकडे पुन्हा वळावे.

भाचीच्या लॅपटॉपवर ड्रायव्हर मागे नेला आणि काळे चौकोन त्याच संध्याकाळी गेले. रेषांसाठी लॅपटॉप दुकानात द्यावाच लागला. वॉरंटी संपलेली होती, नाही तर तो बाहेर उघडू न देता कंपनीच्या सेवा केंद्रातच पाठवला असता. दुकानदाराने पॅनेल बदलावे लागेल असे म्हटले, तेव्हा तिने त्याच्यासमोर स्क्रीन हळूहळू झुकवली, रेषा कोणत्या कोनात थांबतात ते दाखवले आणि आधी केबल काढून पाहण्यास सांगितले. केबलचे आवरण बिजागरीपाशी घासून आतली तार उघडी पडली होती. पॅनेल जुनेच राहिले.