पास्काची मेणबत्ती: मोठी घ्या, सोबतच्या छोट्या सोडा

नागपूरच्या सदरमधल्या एका दुकानात इस्टरच्या आधी पास्काच्या मेणबत्तीचा, म्हणजे इस्टरच्या आदल्या रात्री चर्चमध्ये पेटवायच्या मोठ्या मेणबत्तीचा, अख्खा संच मिळतो: तीस इंची मोठी मेणबत्ती, तिच्यावर क्रूसाच्या आकारात बसवायचे धुपाचे पाच खिळे, वर्षाचे आकडे आणि भाविकांसाठी शंभर छोट्या. संच घेऊ नका, मोठी तेवढी सुटी मागा. आढेवेढे घेतात, पण देतात.

मोठी चांगलीच आहे. व्यास तीन इंच, वजन सव्वातीन किलोच्या आसपास. लेबलवरचं 'शुद्ध मधमाशीचं मेण' मात्र विसरा, पॅराफीन मिसळलेलं आहे. बुडाचं चिमूटभर मेण बोटांत मळून बघा. शुद्ध असेल तर उबेनं मऊ होऊन त्याची चिकट गोळी होते. याचा भुगा होतो आणि बोटं तेलकट लागतात. मिश्रण चालतं, पण भाव शुद्धचा देऊ नका. शेजारीच प्लास्टिकच्या नळीत तेलाची डबी बसवलेली, वर्षानुवर्षं चालणारी मेणबत्ती असते आणि दुकानदार तीच पुढे सरकवतो. ती पास्कासाठी नाहीच. रोमच्या कॅथलिक मुख्यालयातून १९८८ साली निघालेल्या पत्रकात स्पष्ट आहे: मेणबत्ती खऱ्या मेणाची, दरवर्षी नवी आणि एकच.

वात सुती, घट्ट विणीची. फक्त टोक मेणात बुडालेलं येतं, आणि त्या रात्री चर्चबाहेर वाऱ्यात लावलेल्या नव्या अग्नीवरून पेटवताना सगळा गोंधळ तिथेच होतो. आदल्या दिवशी खिळ्यानं मेण खरवडून दोन सेंटीमीटर वात मोकळी करा. मोठी मेणबत्ती थेट जाळात धरू नका. कडा वितळून एका बाजूला ओघळ पडतो. बारीक काडीनं ज्योत आणा.

आधी पेटवून बघायचा मोह टाळा. तिचं पहिलं पेटणं जागरणाच्या, म्हणजे इस्टरच्या आदल्या रात्रीच व्हायचं असतं. आणि पहिल्या पेटण्यात वितळलेलं मेण कडेपर्यंत पोचलं नाही तर पुढे वातीभोवती विहीर पडते. तीन इंचाला साधारण तीन तास लागतात, म्हणून मिस्सा (चर्चमधली उपासना) संपली की लगेच विझवू नका.

आकड्यांबद्दल तक्रार आहे. २०२६ चे आकडे स्टिकरचे होते. गोल पृष्ठभागावर उन्हाळ्यात त्यांच्या कडा सुटतात. मेणाचे मागा, नाहीतर तापवलेल्या खिळ्यानं कोरा: वर आल्फा, खाली ओमेगा, क्रूसाच्या चार कोनांत चार आकडे. धुपाचे खिळे थंडे दाबले की मेणाला चीर जाते; गरम पाण्यात बुडवून, पुसून मग बसवा. क्रम वर, मध्ये, खाली, डावा, उजवा.

नागपुरात खरा शत्रू एप्रिल. चाळिशी ओलांडलेल्या दिवसांत साक्रिस्तीतल्या (चर्चचं सामान ठेवायच्या खोलीतल्या) कपाटात उभी ठेवलेली मेणबत्ती कमरेत वाकते. कापडात गुंडाळून, सपाट फळीवर आडवी ठेवा. आणि कूलर! वेदीजवळचा कूलर ज्योतीच्या रोखानं असला की एकच बाजू भराभर वितळते. पितळी टोपी बसवली तर बरंच सावरतं, पण आधी कूलरचं तोंड फिरवा.

छोट्यांबद्दल काय बोलावं. सहा इंची, वात जाड, त्यामुळे धूर आणि टिपूस. कागदी चकत्या इतक्या सैल की ज्योतीकडे सरकतात. मोठी मेणबत्ती मिरवणुकीनं आत आणताना 'ख्रिस्ताचा प्रकाश' अशी तीनदा घोषणा होते; दुसऱ्या घोषणेला लोक त्या पेटवतात आणि पास्काची उद्घोषणा हे लांब गीत संपेपर्यंत हातात असतात. त्या वेळातच निम्म्या उरतात. मग बाप्तिस्म्याच्या वचनांना पुन्हा पेटवायला काय उरणार? दुसरीकडून आठ इंची, बारीक वातीच्या आणा. पेटलेली सरळ धरायची, न पेटलेली वाकवून तिच्याकडे न्यायची, हे सुरुवातीलाच सांगितलं तर बाकांवर कमी सांडतं. सांडलंच तर बर्फानं कडक करून प्लास्टिकच्या पट्टीनं उचला.

ऑर्डर इस्टरच्या आदल्या, म्हणजे झावळ्यांच्या रविवारच्या आधी द्या; पवित्र सप्ताहात उरलेसुरले वाकडे नग हातात येतात. घेताना सपाट फरशीवर घरंगळवून बघा, गचके खाल्ले तर बदलून मागा. इस्टरनंतर सात आठवड्यांनी येणाऱ्या पेंटेकॉस्टच्या सणानंतर ती बाप्तिस्मा कुंडाजवळ जाते आणि वर्षभर बाप्तिस्म्यांना, अंत्यविधींना पेटते, त्यामुळे लहान गावच्या चर्चलाही तीस इंचाहून आखूड घेण्यात अर्थ नाही.

मोठीला पाचपैकी चार, छोट्यांना एक.