डीएलसी कोटिंग आठ महिने वापरल्यावर: जाड थर मागू नका

नाशिकच्या अंबडला माझ्या शेडमध्ये दोन व्हीएमसी (संगणकावर चालणारी मिलिंग मशीन) आहेत, काम जवळपास सगळं ॲल्युमिनियमचं. 10 एमएमची कार्बाइड एंडमिल, म्हणजे धातू कापायची टूल, रीशार्प करून घेतो आणि त्यांवर डीएलसी (डायमंड-लाइक कार्बन, हिऱ्यासारख्या कार्बनचा पातळ कडक थर) करून आणतो. पहिला लॉट 1 मायक्रॉनचा होता आणि तो अप्रतिम चालला. आधी धारेवर ॲल्युमिनियम चिकटून बसायचं, शिफ्टमध्ये दोनदा मशीन थांबवून ते काढावं लागायचं. तो त्रासच संपला.

म्हणून दुसऱ्या वेळी 3 मायक्रॉन मागितले. थोडे पैसे जास्त गेले तरी टूल तिप्पट टिकेल, असा हिशोब. दहा दिवसांत पापुद्रे सुटले. कोटिंगवाला म्हणाला, "तुमचं कूलंट खराब आहे." महिनाभर फोनाफोनी झाली, मी नवं कूलंटही भरलं. फरक शून्य.

मग डबीतलं एक न वापरलेलं एंडमिल भिंगाखाली धरलं. काळ्या चकचकीत थरावर बारीक नागमोडी सुरकुत्या होत्या, ओल धरलेल्या भिंतीचा रंग फुगतो तशा. कूलंटचा थेंबही न लागता कोटिंग उचललं होतं!

त्यानंतर या विषयावर मिळेल ते वाचलं. कार्बनचे आयन (विद्युतभारित अणू) हळू येऊन बसले तर थर ग्रॅफाइटसारखा मऊ होतो. प्रत्येक आयनला साधारण 100 इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जा मिळाली की तो पृष्ठभागाखाली घुसतो, तिथे दाटी होते आणि हिऱ्यासारखे बंध तयार होतात. हायड्रोजन नसलेल्या चांगल्या थरात ते 80 टक्क्यांपर्यंत जातात. ऊर्जा त्याहून खूप वाढवली तर आत उष्णता होऊन दाटी सैल पडते, थर पुन्हा ग्रॅफाइटकडे झुकतो. मेख अशी की ज्या दाटीने कडकपणा येतो तिनेच थरात प्रचंड दाब साठतो, काही गिगापास्कल. जाडी वाढेल तशी साठलेली ऊर्जा वाढते आणि पकड सुटते.

म्हणजे 3 मायक्रॉन मागणं ही माझीच चूक. पण रोज हेच काम करणाऱ्याने ऑर्डर घेतानाच सांगायला हवं होतं, आणि बायस व्होल्टेज (टूलला दिलेलं व्होल्टेज, ज्यावर आयनची ऊर्जा ठरते) किती ठेवलं हे तो आजही सांगत नाही. याचा मला खरा राग आहे. ग्राहक जाडी विचारतो कारण त्याला तेवढंच ठाऊक असतं.

आता सातपूरला दुसऱ्याकडे देतो: खाली पकडीसाठी क्रोमियमचा थर, वर 1 मायक्रॉन डीएलसी. प्रत्येक लॉटमधलं एक टूल न वापरता डबीत ठेवतो आणि दर सोमवारी भिंगाखाली बघतो. सात आठवडे झाले, अजून एकही सुरकुती नाही.