'ब्रोकर नको' म्हणणाऱ्या मालकाला फोन की भेट?
पुण्यात नुकताच एजंट झालेला भाचा विचारत होता, स्वतःच फ्लॅट विकणाऱ्या मालकांना फोन करू की भेटायला जाऊ?

वेळ आणि खर्च पाहिला तर फोन स्वस्त. पण जाहिरात पडल्यापासून ब्रोकरांचे फोन घेऊन मालक वैतागलेला असतो. 'पार्टी (म्हणजे फ्लॅट घेणारा) तयार आहे' म्हटलं की फोन कट. शिवाय खोटी पार्टी सांगणं मला अजिबात पटत नाही.

विश्वास बसतो भेटीत. त्याच सोसायटीतल्या अलीकडच्या व्यवहारांचे इंडेक्स टू, म्हणजे नोंदणी झालेल्या विक्रीचे सरकारी उतारे, काढून न्यावेत, मालकाचं सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट, थकबाकी नसल्याचा दाखला तपासून द्यावा. दलालीचा विषय मालकाने काढेपर्यंत थांबावं. अख्खी दुपार जाते, जाऊ दे.

ओळखीच्या सोसायट्यांत भेटच घ्यावी. मालक परदेशी असेल तर फोन, पण इंडेक्स टू आधी व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवून.