गाडीतल्या पिस्तुलासाठी लोखंडी पेटी: कॅलिफोर्नियातला वापरानंतरचा अनुभव

शनिवारी नेमबाजीच्या रेंजवरून परतताना भाजी घ्यायला किंवा जेवायला थांबणं होतंच. तेवढा वेळ पिस्तूल गाडीत राहतं, आणि त्या वेळेसाठी आमच्याकडे वेगळा कायदा आहे. २०१५ च्या जुलैमध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या पियर १४ वर एका तरुणीचा जीव गेला. ती गोळी ज्या पिस्तुलातून सुटली, ते त्याच्या काही दिवस आधी एका सरकारी रेंजरच्या गाडीतून चोरीला गेलेलं होतं. २०१७ च्या जानेवारीपासून कॅलिफोर्नियात आत कोणी नसलेल्या उभ्या गाडीत पिस्तूल ठेवायचं तर ते बंद डिकीत, नाहीतर कुलूपबंद पेटीत आणि बाहेरून दिसणार नाही असं ठेवावं लागतं. चुकलं तर १,००० डॉलरपर्यंत दंड.

माझी गाडी एसयूव्ही. कायद्याच्या लेखी एसयूव्ही आणि हॅचबॅकचा मागचा भाग डिकीत मोडत नाही, कारण सीटवरून तिथे हात पोचतो. ग्लोव्ह बॉक्सला कुलूप असलं तरी तो पेटी म्हणून चालत नाही. हे अनेक जुन्या नेमबाजांनाही ठाऊक नसतं. म्हणून मी बटणांच्या यांत्रिक कुलपाची पोलादी पेटी घेतली. बोटाच्या ठशाची मुद्दाम टाळली, उन्हात तापणाऱ्या गाडीत बॅटरीच्या भरवशावर राहायला मी तयार नाही. उन्हाळा आणि पावसाळी हिवाळा दोन्ही पाहून झाले, कुलूप एकदाही अडलं नाही. अंधारातही बोटांना बटणं नीट लागतात.

पेटी गाडीला बांधायला सोबत आलेली केबल मात्र कमकुवत आहे. ती सीटखालच्या पोलादी ब्रॅकेटभोवती फिरवायची, टोक पेटीच्या खाचेत अडकवायचं आणि झाकण लावायचं, की ती आत पकडली जाते. कल्पना चांगली, पण तार इतकी बारीक की साधं बोल्ट कटर ती क्षणात तोडेल. बे एरियात, म्हणजे सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरात, चोर मागची छोटी काच फोडून सीट पाडतात आणि हाताला लागेल ते उचलून पळतात. त्या घाईत ही पेटी त्यांना थोपवेल, पण सवडीने आलेल्याला नाही. म्हणून रात्री पिस्तूल गाडीत ठेवायचं नाही, हे मी पक्कं धरलंय. पेटी फक्त वाटेतल्या थांब्यापुरती.

आतला फोम ओल धरतो. हिवाळ्यात स्लाइडवर (पिस्तुलाच्या वरच्या सरकत्या भागावर) तांबूस ठिपका दिसताच फोम काढून टाकला. आता पिस्तूल तेलाच्या फडक्याने पुसून, सिलिकॉन लावलेल्या मोज्यात आणि सोबत सिलिका जेलची पुडी. गोळ्या काढलेल्या, मॅगझिन वेगळ्या पिशवीत.

पेटी कितीही चांगली असो, वापरायची रीत चुकली तर तिचा उपयोग नाही. पिस्तूल रेंजवरच पेटीत घालून केबल लावायची, दुकानाच्या पार्किंगमध्ये सीटखाली वाकून नाही. तिथे कोण बघतंय ते आपल्याला कळत नाही. गाडीवर बंदुकीच्या कंपनीचा स्टिकर लावणारे लोक पाहिले की मला खरंच काळजी वाटते. पोस्टाच्या आवारात, अगदी पार्किंगमध्येही, शस्त्रबंदीचा फेडरल नियम आहे. त्यावरून खटले झालेत, पण पेटी सोबत असताना मी तिकडे वळतच नाही.

सिरियल नंबर घरी लिहून ठेवा. चोरी झाल्यास पाच दिवसांत पोलिसांना कळवणं इथे बंधनकारक आहे, आणि तेव्हा तो नंबर लागतोच. आपल्याकडच्या एच-वन बी वाल्यांनी मात्र पेटीआधी वकिलाला विचारावं: त्या व्हिसावर शिकारीच्या परवान्यासारखे अपवाद सोडले तर शस्त्र बाळगायलाच मनाई आहे.

कुलपावर मी खूश आहे, पेटी पुन्हा घेईन. फक्त सोबतची केबल बाजूला ठेवून जाड तारेची वेगळी घेईन, आणि घेण्याआधी ती खाचेत बसते का ते दुकानातच बघेन.