लावा पाळायचा, पण नेमका कोणता?

लावापालन सुरू करू पाहणाऱ्याची पहिली गफलत नावापाशीच होते. बांधावरच्या गवतातून भुर्रकन उडणाऱ्या कोणत्याही लहान, गुबगुबीत, मातकट पक्ष्याला आपण लावा, लावरी किंवा बटेर म्हणतो, आणि बाजारात तर त्यालाच तित्तर म्हणूनही विकले जाते. पक्षिशास्त्राच्या दृष्टीने मात्र या एका नावाखाली तीन वेगळी कुळे येतात; म्हणून आधी कूळ पाहावे आणि दर मागाहून विचारावा.

पहिले कूळ कोंबडी, मोर आणि तित्तर यांचे, म्हणजे फॅजियानिडी. जपानी लावा, हिवाळ्यात आपल्याकडे येणारा करडा लावा आणि पावसाळ्यात शेतांतून साद घालणारा काळ्या छातीचा लावा हे तिघेही यातल्या कॉटर्निक्स प्रजातीचे आहेत. दुसरे कूळ ओडोंटोफोरिडी हे अमेरिका खंडातले असून बॉबव्हाइट लावा त्यात मोडतो. तिसरे कूळ दुर्लावांचे. ते दिसायला हुबेहूब लाव्यासारखे असले तरी कोंबडीच्या गणातसुद्धा बसत नाहीत, त्यांचे खरे नाते टिटवी आणि कुररीच्या गणाशी आहे. पक्षी हातात घेतला तर ही शंका क्षणात फिटते, कारण दुर्लावाच्या पायाला मागचे बोट नसते. त्यांच्यात मादी नराहून मोठी आणि अधिक रंगीत असते, तर अंडी नर उबवतो.

व्यवसायासाठी खरी तुलना जपानी लावा आणि बॉबव्हाइट यांचीच होते. जपानी लाव्याची मादी सहा-सात आठवड्यांची झाली की अंड्यावर येते आणि चांगला खुराक व पुरेसा उजेड मिळाल्यास वर्षाला साधारण 250 ते 300 अंडी देते. अंडे दहा ग्रॅमच्या आसपास भरते आणि 17-18 दिवसांत पिल्लू बाहेर येते. बॉबव्हाइटची अंडी उबायला सुमारे 23 दिवस लागतात, पक्षी वयात यायला कित्येक महिने जातात आणि अंड्यांचा हंगामही मर्यादित असतो, त्यामुळे अमेरिकेत तो प्रामुख्याने शिकारीसाठी सोडायला वाढवला जातो. अंडी किंवा मांस विकणे हा हेतू असेल, तर माझ्या मते निर्णय इथेच होतो. शिवाय जपानी लावा 1974 मध्ये भारतात आणला गेला आणि इज्जतनगरच्या केंद्रीय पक्षी संशोधन संस्थेने मांसासाठी कॅरी उत्तम व अंड्यांसाठी कॅरी पर्ल असे वाण तयार केले आहेत, हा मोठा आधार आहे.

या लाव्याची एक उणीव आधीच जमेस धरावी: पिढ्यानपिढ्या पिंजऱ्यात वाढल्याने मादी सहसा खुडूक बसत नाही, म्हणजे अंडी उबवत नाही, म्हणून उबवणी यंत्र आणि कृत्रिम दाई (पिल्लांना ऊब देणारे साधन) यांचा खर्च टळत नाही. नुकतेच निघालेले पिल्लू जेमतेम सात-आठ ग्रॅमचे असते आणि पाण्याच्या उथळ भांड्यातही बुडून मरते. त्यासाठी भांड्यात गोट्या किंवा स्वच्छ खडे टाकून ठेवावेत.

चिनी निळा लावा हा मुठीत मावणारा, केवळ शोभेचा पक्षी आहे. परदेशात त्याला बटन क्वेल म्हणतात आणि इंग्रजीत दुर्लावाचेही नाव तेच असल्याने पुष्कळांची दिशाभूल होते, पण हा खरा लावाच आहे.

रानातले लावे मात्र या तुलनेत धरूच नयेत. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने ते संरक्षित आहेत आणि फासे लावून ते पकडणे हा गुन्हा आहे. उलट बाजूने, पाळलेला जपानी लावाही मोकळा सोडू नये, कारण करड्या लाव्याशी त्याचा संकर होतो आणि युरोपात असे संकरित पक्षी रानात आढळले आहेत.

खरेदी करताना शक्यतो तीन आठवड्यांपुढचे पक्षी घ्यावेत. तोवर रानटी, म्हणजे मूळ तपकिरी रंगाच्या वाणात नराची छाती सपाट तांबूस आणि मादीची काळ्या ठिपक्यांची झालेली असते, त्यामुळे नर-माद्यांचे प्रमाण आपल्यालाच मोजून घेता येते.