बीपी मशीन घेण्याआधी दंडघेर मोजा

मशीन घेऊन सहा महिने झाले, आता लिहायला हरकत नाही. चार तारे देतेय. पाचवा का कापला, ते पुढे येईलच.

मी साताऱ्यात ब्लाउज शिवते. वय 57. टेल्मिसार्टन 40 आणि ॲम्लोडिपिन 5 अशी बीपीच्या गोळ्यांची जोडगोळी नऊ वर्षं चालू होती. गेल्या वर्षी रोज पहाटे अजिंक्यताऱ्याची चढण धरली, ताटातलं पापड-लोणचं गेलं आणि वजन 78 वरून 69 वर आलं. मग शिलाईवरून उठलं की डोळ्यांपुढे अंधारी यायला लागली. संध्याकाळी घोटे सुजायचे ते वेगळंच. म्हटलं, चला, गोळी सुटली! डॉक्टर म्हणाले, "ताई, बंद नाही, कमी करून बघू. तेही माझ्याकडच्या एका आकड्यावर नाही. घरी सात दिवस मोजून आणा." म्हणून ही खरेदी. मनगटाला बांधायचं मशीन स्वस्त होतं, पण हात जरा वरखाली झाला की आकडा बदलतो म्हणून त्यांनी नको सांगितलं.

पहिल्या दिवशी आकडा आला 126/78. छान! मग चक्कर कशाची येतेय? तेवढ्यात लक्ष गेलं, पट्ट्याचं टोक कसंबसं चिकटलंय आणि हवा भरताना सुटतंय. गळ्यात टेप होतीच. खांदा आणि कोपराच्या मधोमध दंडघेर भरला 34 सेंटीमीटर. खोक्याच्या तळाला मुंगीच्या अक्षरात छापलेलं, पट्टा 22 ते 32. तोकडा पट्टा आकडा फुगवून दाखवतो. मोठा पट्टा वेगळे पैसे मोजून मागवला. तो आला त्या सकाळी दोन्ही लावून पाहिले, जुन्यावर 125 आणि नव्यावर 112. बाहीत असा फरक पडला असता तर गिऱ्हाइकाने ब्लाउज तोंडावर फेकला असता. तारा इथेच कापला. दुकानदाराने दंड विचारायला नको?

मोजायची रीत डॉक्टरांनी शिकवली, माहितीपत्रकात मराठी नाहीच. आधी लघवीला जाऊन यायचं, अर्धा तास चहा नाही. पाठ टेकून, पावलं जमिनीला, हात टेबलावर छातीच्या उंचीला, आणि पाच मिनिटं गप्प. (हे सगळ्यात अवघड, गिऱ्हाईक नेमकं तेव्हाच येतं.) सकाळी गोळीच्या आधी दोनदा, संध्याकाळी दोनदा, मध्ये एक मिनिट. पहिला दिवस सोडून बाकीची सरासरी. माझ्यासाठी एक जादा काम होतं, उभं राहून मिनिटभराने पुन्हा मोजायचं. तेव्हा आकडा 96! अंधारीचं उत्तर मिळालं. मशीन दवाखान्यात नेऊन त्यांच्या मशीनशी ताडूनही घेतलं, दोन-तीनचा फरक होता.

वही बघून त्यांनी आधी ॲम्लोडिपिन काढली, नुसती टेल्मिसार्टन 40 ठेवली. एका वेळी एकच बदल. ॲम्लोडिपिन अंगातून सावकाश उतरते, तेव्हा दुसऱ्या दिवशीच पेढे वाटू नका म्हणाले. दोन आठवड्यांनी सरासरी 121/75 आली, घोट्यावरचा चपलेचा वळही गेला. दोन महिन्यांनी 40 ची 20 झाली. आता 127/79 असतो. घरच्या सरासरीची हद्द त्यांनी 135/85 आखून दिलीय, त्यापुढे गेली तर फोन करायचा. उरलेली 20 कधी सुटणार विचारलं, तर म्हणाले, थंडीत बीपी चढतं, हिवाळा जाऊ दे.

माझं वाचून कोणी गोळ्या तोडायला बसू नका. जाऊबाईंची मेटोप्रोलॉल आहे, ती एकदम थांबवली तर छातीत धडधड होते, हृदयाचा त्रास असला तर जिवावरही बेतू शकतं. त्यांना मी हे मशीन दाखवलंसुद्धा नाही.

बाकी किरकोळ. सेल बदलले की तारीख पुसली जाते आणि आठवणीतले आकडे कुठल्या दिवसाचे ते कळत नाही, म्हणून वही हवीच. विजेवर चालवायची वायर वेगळी घ्यावी लागते. आकडे मोठे, चष्म्याशिवाय दिसतात.

मूळ पट्टा वाया गेला नाही. यांच्या 29 च्या दंडाला तो बरोबर बसतो. "मला कुठलं आलंय बीपी," म्हणत हौसेने बसले आणि आठवडाभराची सरासरी निघाली 152/94. आता वही त्यांच्या नावाची, सोमवारी डॉक्टरांकडे नेतेय.