भिशीवाल्यानं आधी पाणी दिलं, मग 1,80,000 घेऊन गेला

"हाव नडली तुला," असं हल्ली मला कुणीही सुनावून जातं. म्हणून आधीच सांगते, त्या भिशीवाल्याकडून मी एक रुपया व्याज घेतलेलं नाही आणि मागितलेलंही नाही. माझे 1,80,000 रुपये गेले ते त्याच्या उपकारांच्या ओझ्यामुळे. सोलापुरात अशी माणसं तुमच्याही गल्लीत भाड्यानं राहायला येतील, म्हणून हे लिहिते आहे.

भिशी कशी चालते हे शेंबड्या पोरालाही माहीत आहे, ते समजावत बसत नाही. आमची वीस घरांची होती, महिना 5,000, म्हणजे दर महिन्याला एका घराला एक लाख. पहिला नंबर चालवणाऱ्याचा, बाकीचे चिठ्ठीवर. त्याआधी त्यानं दहा घरांची 1,000 ची भिशी पूर्ण करून दाखवली होती, एकही तारीख न चुकवता. छोटी भिशी चोख चालवून मोठीत हात मारायचा, हे आपण सगळ्यांनी ऐकलेलं असतं. मीही ऐकलं होतं. पण ऐकलेल्या गोष्टीतला माणूस आपल्या दारात पाण्याचा पाइप घेऊन उभा नसतो.

पाण्याचं सांगायलाच हवं. आपल्याकडे तेव्हा नळाला पाणी चार-पाच दिवसांआड यायचं. त्याच्या भाड्याच्या घराला बोअर होतं. आल्यावर महिन्याभरातच त्यानं गच्चीवरून आमच्या टाकीत पाइप सोडला, कुणी सांगितलं नव्हतं. "ताई, टाकी भरली की हाक मारा," एवढंच म्हणाला. सासूबाईंना मध्यरात्री धाप लागली तेव्हा गाडी त्याचीच, आणि पहाटेपर्यंत दवाखान्याच्या बाकावर बसून राहिला तोही तोच. गल्लीतल्या प्रत्येक घराचं त्याच्याकडे असं काही ना काही देणं होतं. संक्रांतीला त्याच्या बायकोनं हळदीकुंकवाला बोलावून वाण म्हणून स्टीलचे चांगले जाड डबे दिले आणि त्याच आठवड्यात मोठ्या भिशीची नावं घेतली. कोण नाही म्हणणार होतं?

आता तो क्षण, जो आठवला की अजून डोकं फिरतं. बोअरच्या मोटरचं लाइट बिल म्हणून मी त्याला 300 रुपये द्यायला गेले. त्यानं नोटा माझ्याच मुठीत दाबल्या. "शेजाऱ्यात कुठं हिशेब असतो व्हय ताई?" त्याच्याआधी दवाखान्याच्या रात्रीच्या डिझेलचे 500 असेच परत आले होते. त्यांचा डबा रिकामा कसा पाठवायचा म्हणून गोड शेंगापोळ्या घालून दिला, तर त्याच्या बायकोनं दारातच पोळ्या काढून माझ्या ताटात ठेवल्या. आम्हा दोघांनाही शुगर आहे, म्हणाली. आणि सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या जत्रेत हीच दोघं जिलेबी खाताना मी पाहिली होती! तेव्हाच कळायला हवं होतं. खरा शेजारी वाटीभर भाजी देतो आणि आपली वाटीभर आमटी घेतोही, म्हणजे फिटलं. हा माणूस फिटूच देत नव्हता. पण तेव्हा मला वाटलं, किती मोठ्या मनाचा माणूस. तुमच्यापैकी कुणालाही तसंच वाटलं असतं. तुम्ही मदत करणाऱ्याकडे संशयानं बघत असाल तर जरूर मला नावं ठेवा.

माझी भाची मानसशास्त्राची एम.ए. करते. तिनं नंतर सांगितलं की यावर प्रयोग झालेले आहेत. 1971 मध्ये छापून आलेल्या, अमेरिकेतल्या डेनिस रीगन या संशोधकाच्या प्रयोगात त्याचाच एक माणूस मध्येच बाहेर जाऊन येताना शेजारच्यासाठी न मागता कोकाकोलाची बाटली आणायचा. थोड्या वेळानं तोच लॉटरीची तिकिटं विकायचा. ज्यांनी कोला घेतला होता त्यांनी जवळपास दुप्पट तिकिटं घेतली. आणि मला सगळ्यात लागलेली गोष्ट ही, की तो माणूस आवडला की नाही यानं त्यांच्या खरेदीत फारसा फरक पडला नाही. न मागता मिळालेली गोष्ट, तीही तिकिटाच्या किमतीपेक्षा स्वस्त. माणसाची ही खोड चांगली आहे, तिच्यावरच गल्ल्या, गावं चालतात. हा हरामखोर तिच्यावरच धंदा करत होता.

सातव्या महिन्यात माझा नंबर लागला. एक लाख हातात मोजून घेतले. संध्याकाळी तो दारात. एमआयडीसीत टॉवेलचा लॉट अडकलाय, तीन महिने द्या, दोन टक्के देतो. मी टॉवेल-नॅपकिनची शिलाई करते, लॉट अडकतो हे मला नवीन नाही. व्याज नको म्हणाले आणि दिले. अकराव्या महिन्यात पाटल्या गहाण ठेवून आणखी 80,000 दिले, तेव्हा त्याची बायको रडत होती. विश्वासासाठी त्यानं 1,80,000 चा चेक दिला. टाकायची वेळ आली की म्हणायचा, "आत्ता नको ताई, रोखच देतो." चेक तारखेपासून तीन महिनेच चालतो. तो मुदत संपेपर्यंत थांबवत होता, हे आता दिसतं. कुणी असा चेक दिला आणि टाकू नका म्हणाला, तर दुसऱ्या दिवशी बँकेत टाका. न वटता परत आला तर तीस दिवसांत नोटीस गेली पाहिजे.

तेरावा हप्ता गोळा केला, तेरावा नंबर दिला आणि घराला कुलूप. माझ्यासारख्या आठ घरांनी नंबर उचलून पैसे त्याच्याकडेच परत ठेवले होते, म्हणजे 8,00,000. नंबर न लागलेली सात घरं वेगळीच, प्रत्येकाचे 65,000 भरलेले.

खरा संताप पुढं आहे. पोलीस ठाण्यात पहिला प्रश्न, "आकडा किती?" 1,80,000 म्हणाले. साहेब म्हणाले, तुम्ही भरले 65,000 आणि 80,000, म्हणजे 1,45,000, बाकी 35,000 तुमचे कुठले? नंबर उचललेल्याला पुढचे सात हप्ते भरायचेच असतात, हे त्यांना मी समजावायचं! मग म्हणे, हा देण्याघेण्याचा व्यवहार, दिवाणी कोर्टात जा. मग म्हणे, चेक बाउन्स करून आणा. बँक म्हणाली, मुदत संपली. मग दम दिला की भिशी नोंदणीकृत नव्हती, तुमच्यावरच गुन्हा बसेल. 1982 चा चिट फंड कायदा परवानगीशिवाय भिशी सुरू करणाऱ्याला आणि चालवणाऱ्याला धरतो, हप्ता भरणाऱ्या बाईला नाही. शेवटी म्हणे, रोकड कुठून आणली, इन्कम टॅक्सवाले येतील. 20,000 किंवा जास्त रोख उसने घेतले तर दंड घेणाऱ्याला आहे, आणि माझ्याकडे सोनेतारणाची पावती होती. ती त्यांनी उघडूनही पाहिली नाही. 1930 ला फोन केला तर ते ऑनलाइन फसवणुकीसाठी. मी रोख दिले ही जणू माझीच चूक.

दखलपात्र गुन्हा, म्हणजे ज्यात पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात असा, दिसत असेल तर एफआयआर नोंदवावाच लागतो, असं सर्वोच्च न्यायालयानं 2013 मध्ये ललिता कुमारी खटल्यात सांगितलं आहे. भारतीय न्याय संहितेत फसवणुकीला कलम 318 आहे, विश्वासघाताला 316. हे मला एका ओळखीच्या वकिलांकडून कळलं, ज्यांचं काम हे सांगायचं होतं त्यांच्याकडून नाही. अर्जाची प्रत शिक्का मारून घ्या, तोंडी "बघतो"वर उठू नका. नकार दिला तर तीच तक्रार पोस्टानं वरिष्ठ अधिकाऱ्याला पाठवा, मग न्यायदंडाधिकाऱ्याकडे. माझा अर्ज आता तिथं आहे.

दरम्यान गल्लीत काय झालं? सात घरं आम्हा उचललेल्यांच्या दारात. खरं तर त्याचे 5,000 सोडले आणि बाकी सगळ्यांनी हप्ते भरले, तर दरमहा 95,000 जमून सातही घरांचे पैसे निघतात. मी भरते आहे, म्हणून माझा आकडा 1,80,000 हाच खरा. बाकीचे म्हणतात, आमचे पैसे त्याच्याकडे गेले, आम्ही का भरायचे? वर्षानुवर्षं एकमेकांच्या लग्नात राबलेली माणसं तोंड फिरवून जातात. रॉबर्ट ॲक्सेलरॉड या राज्यशास्त्रज्ञानं 1980 च्या सुमारास संगणकावर डावपेचांची स्पर्धा लावली होती. जिंकला सगळ्यात साधा डाव, ॲनाटोल रॅपोपोर्ट यांनी पाठवलेला: पहिल्यांदा सहकार्य करा, पुढं समोरचा वागेल तसं वागा. पण तो टिकतो कधी, तर पुढंही गाठ पडणार आहे हे दोघांना माहीत असेल तेव्हा. आमची गाठ रोज पडणार होती. त्याची शेवटची तारीख त्याला आधीपासून ठाऊक होती, आम्हाला नाही. म्हणून नव्या भाडेकरूच्या हातात भिशी देऊ नका, कितीही गोड असो. ज्याचं घर, नातं, दुकान इथंच आहे त्याच्याकडेच द्या. आणि वही दोघांकडे ठेवा. आमची त्याच्या एकट्याकडे होती, सुट्ट्या पानांची.

वकिलांची फी, कागदपत्रं यात माझे 11,400 गेले आहेत. घरचे म्हणतात, गेले ते गेले, आणखी कशाला घालवतेस? एर्न्स्ट फेर आणि सायमन गेख्टर यांनी 2002 मध्ये प्रयोगातून दाखवलं, की फुकट खाणाऱ्याला शिक्षा व्हावी म्हणून माणसं पदरचे पैसे घालतात, त्याची पुन्हा गाठ पडणार नसली तरी. आणि अशी शिक्षा होते तिथं बाकीचे आपला वाटा नीट भरतात. मला हे वाचून बरं वाटलं. मी वेडी नाही.

सात घरांपैकी चार तक्रारीवर सही करायला तयार आहेत. तीन घरांना पेपरात नाव येईल याची धास्ती. त्याच्या सहीच्या चिठ्ठीचे किंवा वहीच्या पानांचे फोटो ज्यांच्या मोबाइलमध्ये आहेत त्यांनी ते पुसू नका, फोन बदलायच्या आधी काढून ठेवा. उसन्या पैशांच्या दाव्याला तीन वर्षांची मुदत असते आणि ती सहसा पैसे दिल्यापासून मोजतात, तो पळाल्यापासून नाही. रविवारी मी त्या तिन्ही घरी जाणार आहे.